मशीन कधी उघडायचं आणि कधी नाही

मघाशी चहा घेताना एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "आमच्या ऑफिसचं कलर झेरॉक्स मशीन दर तीन महिन्यांनी सर्व्हिस होतं, तरी बंद पडायचं ते पडतंच. मग सर्व्हिसिंग करायचं कशाला?" मी सुरुवात पीएम किटपासून, म्हणजे मुदतीच्या देखभालीत बदलायच्या भागांच्या संचापासून, करणार होतो. पण आता या प्रश्नापासूनच करू.

आधी माझी स्वतःची फजिती ऐका. कॉपियर दुरुस्तीच्या या धंद्यात येऊन दोनतीन वर्षं झाली होती, हौस दांडगी होती. एका ऑफिसात शनिवारी दुपारी कलर मशीन पार मोकळं केलं. चारही ड्रम (ज्यांच्यावर टोनर, म्हणजे शाईची पूड, चिकटून चित्र उमटतं ती नळकांडी) बाहेर, बेल्ट बाहेर, फ्यूजर (तो टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) बाहेर. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मागचं कव्हर काढून बोर्डावरची धूळही उडवली. टेस्ट प्रिंट झकास आली. सोमवारी साडेनऊला फोन आला, मशीन एरर दाखवतंय. धावत गेलो. बोर्डावरचा एक कनेक्टर अर्धवट बसला होता. शनिवारी कसाबसा तग धरला, सोमवारी सुटला. ज्या बोर्डाची कुणाचीही तक्रार नव्हती, तो मी बिघडवून आलो होतो.

पुढे वाचनात आलं की हे दुखणं माझं एकट्याचं नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांची दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने (हा माणूस मुळात जीवशास्त्राचा) बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या. त्याला दिसलं की तपासणी झाल्या झाल्याच बिघाड सर्वांत जास्त होतात आणि मग हळूहळू कमी होत जातात. म्हणजे चांगलं चाललेलं विमान तपासणीच बिघडवत होती. नंतर १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांचा अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या विमानाच्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांत वयाबरोबर झीज वाढत गेल्याचं दिसलं. बाकी ८९ टक्क्यांना ठरावीक मुदतीला बदलून फारसा उपयोग नव्हता.

पण म्हणून त्या गृहस्थांचं म्हणणं बरोबर ठरत नाही! विमानाचा हिशेब कॉपियरला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण कॉपियरमध्ये झिजणाऱ्या वस्तू भरपूर. कागद उचलणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत होतो, मग दोन कागद एकदम ओढतो किंवा एकही ओढत नाही. ड्रमवर उरलेला टोनर खरवडणाऱ्या ब्लेडची धार जाते आणि कॉपीवर रेघ येते. फ्यूजरचा रोलर दिवसभर दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास तापून कागद दाबत असतो, तो तरी किती टिकणार? या गोष्टी मुदतीत बदलायच्याच. बोर्ड, मोटर, सेन्सरच्या वायरी यांना मात्र तक्रार नसताना हात लावायचा नाही. आमच्या पोरांना मी हेच सांगतो, कव्हर काढण्याआधी कारण सांगता आलं पाहिजे.

आता कलर. काळ्या मशीनला ड्रम एक, कलरला चार. समजा, एका ड्रम युनिटची महिनाभर बिनतक्रार चालण्याची शक्यता शंभरात ९८ आहे. चारांची मिळून ९८ राहत नाही. गुणाकार करा, ९२ च्या आसपास उतरते. त्यात चौघांचा टोनर एकत्र घेणारा बेल्ट आहे. म्हणून कलर मशीन 'नाजूक' वाटतं. भाग तितकेच मजबूत असतात, फक्त रांग लांब.

काउंटरबद्दलही एक गैरसमज आहे. ड्रम झिजतो तो फेऱ्यांनी, काउंटर मोजतो पानं. प्रत्येक जॉबच्या आधी आणि नंतर ड्रम थोडा रिकामा फिरतो. त्यामुळे दहा पानांचा एक जॉब आणि एकेका पानाचे दहा जॉब यांचं मीटर रीडिंग सारखं, झीज मात्र वेगळी. जिथे दिवसभर एकेक आधार कार्ड निघतं, तिथला ड्रम छापील आयुष्याआधी गेला तर टेक्निशियनवर चिडू नका.

मग पीएम कधी करायचं? मी म्हणतो, काउंटर बघा, पण त्याच्याबरोबर कॅलेंडरही बघा. समजा, किट १,२०,००० पानांना बदलायचं आहे आणि तुमची महिन्याला १२,००० पानं होतात. हिशेबाने तो आकडा जूनअखेरीस भरतो. जून म्हणजे ॲडमिशन, फॉर्म, दुकानासमोर रांग. अशा वेळी मी मेअखेरीस १,०८,००० वरच बदलून टाकतो. किटचं दहा टक्के आयुष्य वाया गेलं, हो. पण दोन तास मशीन बंद राहिलं ते तुमच्या सोयीने, रविवारी. तेच भर गर्दीत पडलं तर पार्ट मागवण्यातच दोन दिवस जातात. खर्चाचा हिशेब करताना लोक किटची किंमत लिहितात, हे दोन दिवस लिहीतच नाहीत.

मेअखेरीस करण्याचं दुसरं कारण पाऊस. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून त्यावर स्थिर वीज आणली आणि पहिली झेरॉक्स काढली. आजचं मशीनसुद्धा त्याच स्थिर विजेवर चालतं. दमट कागदातून ती निसटते. मग टोनर नीट उतरत नाही, रंग डागाळतात, कागद वळतो, जॅम होतो. जुलैत येणाऱ्या कॉल्सपैकी कित्येक ठिकाणी मी फक्त ट्रेमधला कागद काढून नवीन रिम टाकली आहे. रिम फोडली की उरलेला कागद वेष्टनातच गुंडाळून ठेवा. ट्रेमध्ये एका दिवसापुरताच भरा.

आणि एक काम तुमचं, माझं नाही. फीडरमधून (वरचा, कागद आपोआप ओढणारा भाग) कॉपी काढली की काळी रेघ येते, पण काचेवर कागद ठेवून काढली की येत नाही, असं झालं तर कॉल टाकू नका. मोठ्या काचेच्या बाजूला एक अरुंद काचपट्टी असते. तिच्यावर व्हाइटनरचा ठिपका बसलेला असतो. मऊ फडक्याने पुसा, दहा सेकंदांचं काम. टोनर सांडला तर मात्र घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. टोनर इतका बारीक असतो की फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर होतो. हाताला लागला तर गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने तो उलट चिकटतो.

आता हे समोरचं मशीन उघडतो. ड्रम बाहेर काढला की त्याच्यावर लगेच काळा कागद टाकायचा, उजेड लागू द्यायचा नाही. पुढच्या रांगेतल्यांनी चहाचे कप तेवढे टेबलावरून उचला. आणि ते गृहस्थ कुठे आहेत? या पुढे, पहिला रोलर तुम्हीच काढा.