हॅलो कॅनडा! फॉस्टर ह्यूइट नावाचा आवाज आणि त्याचं 1972 चं कमबॅक

"हॅलो कॅनडा, अँड हॉकी फॅन्स इन द युनायटेड स्टेट्स अँड न्यूफाउंडलंड!"

शनिवारची रात्र, 1930 चं दशक, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत अख्खं घर रेडिओभोवती गोळा झालेलं. पोरांच्या आंघोळी उरकलेल्या, आईच्या हातात विणकाम, आणि हे एक वाक्य कानावर पडलं की सगळे चिडीचूप. त्या आवाजाचं नाव फॉस्टर ह्यूइट.

आधीच सांगतो, ही आपल्या ध्यानचंदांची हॉकी नाही, ही बर्फावरची हॉकी. बॉलच्या जागी रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात, आणि खेळाडू पायात स्केट्स घालून एवढ्या स्पीडने पळतात की नवख्या माणसाला पक कुठंय तेच दिसत नाही. असला खेळ रेडिओवरून सांगायचा, तोही मॅच कधीच न बघितलेल्या माणसाला, हे काम ह्यूइटने केलं आणि असं केलं की पुढे शंभर वर्षं त्याच वाटेने सगळे चालतायत.

न्यूफाउंडलंडचं नाव वेगळं का घ्यायचे ते? कारण ते बेट तेव्हा कॅनडात नव्हतंच, 1949 मध्ये सामील झालं. नकाशावर वेगळं, पण शनिवारी रात्री कान तिकडेच लागलेले. हे बेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॉस्टरचा जन्म 1902 चा, टोरंटोचा. वडील टोरंटो स्टार या पेपरचे स्पोर्ट्स एडिटर, त्यामुळे घरात खेळ आणि बातम्या दोन्ही. पोराला वेड मात्र रेडिओचं, आणि रेडिओ म्हणजे तेव्हा अगदी नवी चीज. पेपरने स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं आणि 1923 च्या सुरुवातीला वीस वर्षांच्या फॉस्टरला सांगितलं, जा, म्युच्युअल स्ट्रीट अरीनात मॅच आहे, ती फोनवरून सांग. रेडिओवर हॉकी सांगणारा तो पहिलाच माणूस असं बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं पण ते खरं नाही, त्याच्या आधी त्याच पेपरच्या नॉर्मन अल्बर्टने एका मॅचचा शेवटचा भाग सांगितला होता. पहिला कोण या वादाने ह्यूइटचं मोठेपण कमी होत नाही, म्हणून ते सरळ सांगून टाकावं.

त्या मॅचला त्याला बसायला काय दिलं होतं, तर काचेची एक खोकेवजा केबिन. टेलिफोन बूथएवढी जागा, आत मावावं म्हणून पाय कापून बुटकं केलेलं स्टूल, आणि हातात साधा टेलिफोन. हवा आत यायला जागाच नाही, त्यामुळे बोलता बोलता त्याच्याच श्वासाने काचेवर वाफ धरायची आणि समोरची मॅच दिसेनाशी व्हायची, मग पुसायची, परत बोलायचं. वर मधेच टेलिफोन ऑपरेटर लाइनवर यायची. मॅच बरोबरीत सुटली, मग एक्स्ट्रा टाइम, मग अजून एक्स्ट्रा टाइम. पोरगा घामाघूम होऊन बाहेर आला आणि त्याला वाटलं, झालं, परत कोणी हे काम सांगणार नाही. पण ऐकणाऱ्यांना अजून पाहिजे होतं.

आता 1931 मध्ये या. जगभर मंदी, लोकांच्या हाताला काम नाही, आणि टोरंटोत कॉन स्माइथ नावाचा जिद्दी माणूस मेपल लीफ गार्डन्स हे भलंमोठं स्टेडियम पाच-सहा महिन्यांत उभं करतो, मजुरांना पगाराचा काही भाग चक्क शेअर्समध्ये देऊन. कॉमेंट्रीची जागा कुठे हवी ते ह्यूइटला विचारलं गेलं. याने काय करावं? ईटन्स नावाच्या मोठ्या दुकानाची एक बिल्डिंग होती, तिथे गेला, एकेका मजल्यावरून खिडकीतून खाली रस्त्यावरची माणसं बघत बसला. कुठल्या उंचीवरून माणूस ओळखूही येतो आणि अख्खा रस्ताही नजरेत राहतो? पाचवा मजला त्याला बरोबर वाटला. मोजलं तर 56 फूट. तेवढ्याच उंचीवर छताला टांगलेली कॉमेंट्री बॉक्स बांधली गेली, आणि विमानासारख्या उडणाऱ्या एअरशिपच्या खाली केबिन असते तसं ते दिसतं म्हणून त्याचं नाव पडलं गोंडोला. तिथे जायला छताखालून एक अरुंद फळीवजा वाट, सुरुवातीला तर तिला धरायला कठडाही नव्हता. पाहुणे यायचे हौसेने, त्या वाटेवर आले की पाय लटपटायचे. ह्यूइट मात्र दर शनिवारी घरच्या जिन्यावरून जावं तसा जायचा.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हे पाचव्या मजल्याचं. आवाज देवाने दिलेला असतो, पण ऐकणाऱ्याला नीट दिसलं पाहिजे म्हणून आपण कुठे उभं राहायचं याचा एवढा विचार करणं, हे ज्याचं त्यानेच कमवायचं असतं.

आणि स्टॅमिना! 3 एप्रिल 1933, टोरंटो विरुद्ध बॉस्टन. नॉर्मल मॅच साठ मिनिटांची. साठ मिनिटांत गोल नाही, मग पहिला ओव्हरटाइम, दुसरा, तिसरा, असं करत सहाव्या ओव्हरटाइममध्ये केन डोराटीने एकमेव गोल मारला, तोपर्यंत खेळ झाला होता 164 मिनिटं 46 सेकंद. घड्याळात मध्यरात्र उलटून गेलेली आणि गोंडोलात हा माणूस एकटा बोलतोय. आपल्याकडे ज्यांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून बाळ ज. पंडितांची मराठी क्रिकेट कॉमेंट्री जिवाचा कान करून ऐकलीय त्यांना कळेल, त्या रात्री रेडिओ बंद करून झोपायला जाणं किती जड गेलं असेल ते.

ह्यूइटचं ते वाक्य, "ही शूट्स, ही स्कोअर्स!" (त्याने मारला, गोल झाला!), आज जगात कुठेही बर्फावरची हॉकी खेळणारं पोरगं स्वतःच्याच गोलवर ओरडतं. आवाज आधी हळू, पक गोलजवळ आला की चढत चढत जाणार, आणि मग फुटणार. दुसऱ्या महायुद्धात परदेशात लढणाऱ्या कॅनडाच्या सैनिकांनाही मॅचेसचं रेकॉर्डिंग ऐकवलं जायचं, म्हणजे हा आवाज म्हणजे घरची खुशालीच.

मग आला टीव्ही. 1 नोव्हेंबर 1952 ला टोरंटोतून पहिल्यांदा हॉकी टीव्हीवर दिसली आणि कॉमेंट्री अर्थातच ह्यूइटची. गंमत म्हणजे मॅच सुरुवातीपासून दाखवायचेच नाहीत, फुकटात दिसली तर तिकीट कोण काढणार ही मालकांना भीती, त्यामुळे प्रक्षेपण अर्ध्यातून सुरू व्हायचं. रेडिओ आणि टीव्ही दोन्हीला एकच कॉमेंट्री. सहा वर्षांनी, 1958 मध्ये, त्यांनी टीव्हीचा माइक मुलाच्या, बिलच्या हातात दिला. हा बिल आठ वर्षांचा असताना वडिलांशेजारी बसून रेडिओवर बोललेला. स्वतः फॉस्टर परत रेडिओवर गेले, तेही स्वतःच्या मालकीच्या स्टेशनवर, नाव सीकेएफएच, शेवटची दोन अक्षरं त्यांच्याच नावाची. 1965 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. सत्तरी जवळ आली, टीव्हीवर नवे चेहरे, नवे आवाज. लोकांनी धरूनच चाललं होतं की साहेबांची इनिंग संपली.

आणि मग 1972.

जरा बॅकग्राउंड सांगायला लागेल. ऑलिम्पिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये प्रोफेशनल खेळाडूंना बंदी होती, त्यामुळे कॅनडाचे सगळ्यात चांगले खेळाडू तिथे कधी उतरायचेच नाहीत आणि सोव्हिएत युनियन मेडलं घेऊन जायचं. कॅनडात घराघरात एकच बोलणं, आमची खरी टीम उतरू दे मग बघा. वैतागून 1970 मध्ये कॅनडाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अंगच काढून घेतलं होतं. शेवटी ठरलं, आठ मॅचची सिरीज, चार कॅनडात, चार मॉस्कोत, दोन्हीकडचे सगळ्यात चांगले खेळाडू. आठच्या आठ जिंकू असं लिहिणारे पत्रकार होते.

एवढी मोठी गोष्ट टीव्हीवर सांगायची तर कोणी? ह्यूइटना परत बोलावलं. वय 69. शेजारी ब्रायन कोनाकर, जो स्वतः टोरंटोकडून खेळलेला आणि 1967 ची स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल हॉकीतली सगळ्यात मोठी ट्रॉफी, जिंकलेल्या टीममध्ये होता.

2 सप्टेंबर, मॉन्ट्रिऑल. तिसाव्या सेकंदाला कॅनडाचा गोल, थोड्या वेळाने दुसरा, आणि मग रशियनांनी असं काही खेळून दाखवलं की तोंडचं पाणी पळालं. 7-3 ने हरले. कॅनडातल्या चार मॅचेस संपल्या तेव्हा एक जिंकलेली, एक बरोबरी, दोन हरलेल्या, आणि व्हँकुव्हरला तर घरच्याच पब्लिकने आपल्या टीमची हुर्यो उडवली. मॉस्कोत पहिली मॅच पण गेली. म्हणजे आता उरलेल्या तिन्ही जिंकल्या तरच सिरीज हातात.

ह्यूइटवर टीका पण झाली. कॅनडाचा फ्रेंच वळणाच्या नावाचा खेळाडू ईव्हान कुर्न्वाये, त्याचं आडनाव त्यांनी सिरीजभर चुकीचंच उच्चारलं, आजही जुने लोक ते सांगून हसतात. टीका खरी होती, मी ती झाकणार नाही. पण टीका करणारे ज्या स्टाइलला जुनी म्हणत होते तिनेच शेवटी काय केलं ते ऐका.

सहावी मॅच जिंकले, सातवी जिंकले, दोन्हीत निर्णायक गोल कॅनडाच्या पॉल हेंडरसनचा. 28 सप्टेंबर, आठवी मॅच. मॉस्कोत संध्याकाळ, टोरंटोत दुपार. कॅनडातल्या शाळांनी अभ्यास बाजूला ठेवला, वर्गात नाहीतर हॉलमध्ये टीव्ही ढकलत आणले, ऑफिसं ओस. आणि तीनपैकी दोन पिरियड, म्हणजे मॅचचे भाग, संपले तेव्हा कॅनडा 5-3 ने मागे. तिसऱ्यात कॅनडाच्या एस्पोझिटोने एक मारला, मग त्याच कुर्न्वायेने बरोबरी केली, 5-5. त्या गोलला गोलमागचा लाल दिवा लागलाच नाही, त्यावरून स्टँडमध्ये पोलिसांशी झटापट, कॅनडाचे खेळाडू बाहेरच्या बाजूला धावले, नुसता गोंधळ. मॅच बरोबरीत सुटली तर जास्त गोल आमचे म्हणून सिरीज आमची, असं रशियन अधिकारी सांगू लागले. हातातोंडाशी आलेला घास जाणार, अशी वेळ.

शेवटचं मिनिट. हेंडरसनने हाका मारून मारून पीट महोवलिचला बर्फावरून बाहेर बोलावलं आणि स्वतः आत उतरला. पक आली, त्याने स्टिक घातली, चुकली, तो आडवा झाला. ह्यूइट बोलतायत, हेंडरसनने जोरात प्रयत्न केला आणि पडला. हेंडरसन उठला, एस्पोझिटोचा शॉट, गोलकीपर त्रेत्याकने अडवला, पक परत आली, एकदा मारली, अडली, परत मारली.

"हेंडरसन हॅज स्कोअर्ड फॉर कॅनडा!"

आता नीट बघा, म्हणजे नीट ऐका. गोल झाला, समोर चित्र दिसतंय, खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेत, आजचा कॉमेंटेटर असता तर गप्प बसून चित्राला बोलू दिलं असतं नाहीतर नुसता ओरडला असता. ह्यूइट काय करतात? हेंडरसन, बरोबर गोलच्या समोर. टीम आणि फॅन्स बेभान झालेत. 34 सेकंद राहिलेत. कोण, कुठे, किती वेळ. टीव्हीवर सगळं दिसत असताना हा माणूस अजूनही त्या घरासाठी बोलतोय जिथे काहीच दिसत नाही. पन्नास वर्षांची सवय, आणि त्या आनंदाच्या क्षणीही ती सुटली नाही. माझ्या मते तो गोल कॅनडाच्या डोक्यात पक्का बसला तो यामुळे, कारण डोळ्यांनी बघितलेलं प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं पण कानाने ऐकलेलं सगळ्या देशाचं एकच होतं.

6-5. सिरीज कॅनडाची.

आणि त्याच वेळी, त्याच मॅचची कॉमेंट्री सीबीसी या कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या रेडिओवर दुसरा एक माणूस करत होता, बॉब कोल. जन्म 1933 चा, सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड! ज्या बेटाला ह्यूइट दर शनिवारी नाव घेऊन हॅलो म्हणायचे तिथलाच हा पोरगा, ते ऐकत ऐकत वाढलेला. तरुणपणी टोरंटोला येऊन त्याने आपली टेप थेट ह्यूइटच्या स्टेशनवर नेऊन दिली होती, आणि ह्यूइटनी त्याला घालवून न देता जवळ बसवून टेप ऐकली, कुठे आवाज चढवायचा, कुठे राखून ठेवायचा ते सांगितलं. गुरू टीव्हीवर, चेला रेडिओवर, गोल एकच. कोल पुढे 2019 पर्यंत कॉमेंट्री करत राहिले आणि 2024 मध्ये गेले.

ह्यूइटचा तो गोंडोला मात्र राहिला नाही. 1979 मध्ये मेपल लीफ गार्डन्सच्या तेव्हाच्या मालकाने, हॅरल्ड बॅलर्डने, जागा मोकळी करायची म्हणून तो तोडून भट्टीत टाकला. म्युझियममध्ये ठेवायची वस्तू ती. हे वाचलं की आजही चीड येते. ह्यूइट तेव्हा हयात होते, 1985 मध्ये ते गेले. त्याच्या एक वर्ष आधीपासून हॉकी हॉल ऑफ फेम दरवर्षी एका कॉमेंटेटरला फॉस्टर ह्यूइट यांच्या नावाचा अवॉर्ड देतं, बॉब कोलना तो 1996 मध्ये मिळाला. टोरंटोच्या नव्या स्टेडियममध्ये पत्रकार जिथे बसतात त्या जागेला पण त्यांचंच नाव आहे.

आणि त्यांनी सुरू केलेली ती शनिवारची हॉकी 2008 पासून पंजाबीतूनही व्हायला लागली. त्यातला हरनारायण सिंग अल्बर्टातल्या ब्रूक्स नावाच्या छोट्या गावात जन्मलेला, लहानपणापासून कॉमेंट्रीचं वेड, पुढे इंग्लिशमध्येही एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या प्रोफेशनल हॉकी लीगची, मॅच सांगणारा पहिला शीख कॉमेंटेटर झाला. यूट्यूबवर त्याचा 2016 चा निक बोनिनोच्या गोलवरचा आवाज सापडेल, बोनिनो बोनिनो बोनिनो करत जो सुटलाय तो. आधी हेंडरसनचा गोल बघा, मग लगेच तो लावा, दोन्ही मिळून पाच मिनिटं पण लागणार नाहीत, आणि खेळाचे नियम माहीत नसले तरी काही अडत नाही.