सर्दी गेली तरी छाती का घरघरते?

नमस्कार मंडळी. दमा म्हटलं की आपण धूळ, थंडी, नाहीतर दही-केळी यांनाच नावं ठेवतो, पण आज जरा नर्व्हबद्दल बोलू, कारण श्वासनळी आवळायचा हुकूम येतो तो व्हेगस नर्व्हमधून. ही मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून खाली फुफ्फुसात येते आणि तिच्या टोकातून ॲसिटाइलकोलीन नावाचं केमिकल सुटतं, ते नळीभोवतीच्या स्नायूवरच्या एम-थ्री रिसेप्टरला, म्हणजे केमिकल येऊन बसायच्या जागेला, लागलं की स्नायू आवळतो, वर कफही वाढतो. रात्री हिचा जोर जास्त, त्यामुळे पहाटे धाप लागून उठून बसावं लागतं त्यात हिचाही हात असतो.

आता गंमत ऐका. नर्व्हच्या टोकावरच एम-टू नावाचा दुसरा रिसेप्टर असतो, तो म्हणजे ब्रेक, केमिकल पुरेसं सुटलं की तो पुढचं थांबवतो. पण सर्दीचा व्हायरस घुसला, किंवा ॲलर्जीतल्या इओसिनोफिल पेशी तिथं गोळा झाल्या, की ब्रेक नीट लागतच नाही. सर्दी जाते पण छाती घरघरत राहते, त्यामागं हेही एक कारण असतं, आणि पेशंटला हे कुणी सांगतच नाही बघा.

आपल्याकडे पूर्वी दम्यावर धोतरा ओढायचे, 1802 च्या सुमारास ही युक्ती मद्रासहून इंग्लंडला गेली आणि पुढं तिकडं दम्याच्या सिगारेटीच विकायला लागल्या! धोतऱ्यातलं ॲट्रोपीन ॲसिटाइलकोलीनला रिसेप्टरवर बसूच देत नाही. पण पानात किती विष आहे ते कळत नाही, माणूस बरळायला लागतो, जीवही जातो, तेव्हा हे ऐकून घरी प्रयोग नको. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असणाऱ्यांना दिवसातून एकदा घ्यायला देतात तो टायोट्रोपियमचा पंप हेच काम सुरक्षितपणे करतो, तोंड कोरडं पडतं तेवढं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अचानक दम लागला तर मात्र हा पंप कामाचा नाही, त्याला वेगळा असतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचं उलटं, ती ॲसिटाइलकोलीन मोडणारं एन्झाइमच बंद पाडतात, मग नळ्या आवळतात, फुफ्फुसात पाण्यासारखा कफ भरतो. 2017 ला यवतमाळकडं फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी दगावले ते आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट पोटात किंवा अंगात गेलेल्या पेशंटला ॲट्रोपीनचीच इंजेक्शनं देतात, आणि डोस पुरला की नाही हे डॉक्टर स्टेथोस्कोप लावून, छाती कोरडी झाली का ते ऐकून ठरवतात.