फुलाची पाठ

सोलापूरकर श्रोतेहो, मे महिन्यात 40 अंशांच्या पुढे तापणाऱ्या या शहरात आमरीवर, म्हणजे ऑर्किडवर, बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु मला आज आमरीच्या सौंदर्याविषयी नव्हे, तर तिच्या ओळखीविषयी बोलायचे आहे. सह्याद्रीतल्या काही जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की, उंच फांदीवर एकदा पाहिलेल्या फुलावरून त्यांचा निवाडा करता येत नाही. त्या एकाच उन्हात आणि एकाच पाण्यावर शेजारी-शेजारी वाढवल्या, म्हणजे कोणता फरक जातीचा आणि कोणता केवळ जागेचा, हे उमगते.

नावापासूनच घोटाळा सुरू होतो. ‘सीतेची वेणी’ हे नाव आपल्याकडे एरिडिस मॅक्युलोझा या आमरीलाही देतात आणि ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या दुसऱ्या आमरीलाही. दोन्ही उन्हाळ्याच्या अखेरीस फुलतात, दोन्हींचे रंग पांढरा आणि गुलाबी-जांभळा, आणि फुले नसताना दोन्हींची पाने जाड, पट्टीसारखी दिसतात. मीही एका रोपवाटिकेतून ‘एरिडिस’ अशी चिठ्ठी लावलेले रोप आणून तीन वर्षे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. तिसऱ्या वर्षी त्याला कोल्ह्याच्या शेपटीसारखा गच्च भरलेला तुरा लोंबला, तेव्हा शंका आली. एरिडिस मॅक्युलोझाचा तुरा त्या मानाने विरळ असतो आणि पुष्कळदा त्याला फाटेही फुटतात.

तुऱ्यावर थांबू नये, कारण अशक्त रोपाचा तुरा कोणत्याही जातीत विरळच येतो. सोलापुरी चादरीची पारख करणारा जाणकार नक्षी दोन्ही बाजूंनी नीट उठली आहे की नाही, हे चादर उलटून पाहतो. फुलाच्या बाबतीतही तेच करावे. आमरीची एक पाकळी इतरांहून वेगळी असते, तिला ओठ म्हणतात, आणि या दोन्ही वनस्पतींत ओठाच्या बुडाशी एक पोकळ अवयव असतो. एरिडिसमध्ये तो शिंगासारखा पुढे वळतो; ऱ्हिंकोस्टायलिसमध्ये ती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, बोथट पिशवी असते. भिंगाखाली एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही. माझ्या रोपाला पिशवी होती.

एरिडिस क्रिस्पा आणि एरिडिस मॅक्युलोझा या सख्ख्या बहिणींत मात्र ओठाची कड पाहावी लागते. क्रिस्पाच्या ओठाचा मधला भाग कडेने झालरीसारखा कातरलेला असतो, मॅक्युलोझाचा सरळ कडेचा. ‘मॅक्युलोझा’ म्हणजे ठिपकेदार, म्हणून अनेकजण पानांवरच्या जांभळ्या ठिपक्यांवर विसंबतात, आणि इथेच सोलापूरचे ऊन फसवते. एकाच रोपापासून दोन रोपे वेगळी करून मी एक हिरव्या जाळीखाली आणि दुसरे पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवले होते. भिंतीजवळच्या रोपाची पाने आखूड, ताठ आणि जांभळट झाली, तर जाळीखालची लांब आणि मऊ. ती कोणी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून दाखवली असती, तर मी त्यांना खुशाल दोन जाती म्हटले असते.

डेंड्रोबियम ओव्हाटम आणि डेंड्रोबियम बार्बाट्युलम यांची गोष्ट याहून नाजूक आहे. दोन्हींची पाने गळून जातात आणि निष्पर्ण दांड्यांवरच फुले येतात. ओव्हाटमची फुले मलईच्या रंगाची, ओठाशी पिवळट-हिरवी झाक असलेली आणि हिवाळ्यात लवकर येणारी. बार्बाट्युलमची पांढरी, किंचित गुलाबी छटेची आणि उशिराची. या वाळक्या दिसणाऱ्या दांड्यांना दया म्हणून पाणी घातले, की त्या कुजतात. आपला कोरडा हिवाळा त्यांना मानवतो, हे या शहराच्या पदरात पडलेले एक सुख आहे. मेलेले रोप समजून घरच्यांनी ते खताच्या खड्ड्यात टाकू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. माझ्या एका रोपाची तीच गत झाली.

वाढवण्याविषयी थोडक्यात सांगतो. कुंडीत माती नको. नारळाच्या सोडणाचे आणि कोळशाचे तुकडे, आणि भरपूर भोके पाडलेले मडके पुरे. बोअरचे जड पाणी पानांवर पांढरे डाग सोडते, म्हणून पावसाचे पाणी साठवावे. पाणी किती घालावे, हे मुळेच सांगतात: कोरडे मूळ चंदेरी असते, ते हिरवट होईपर्यंत पाणी द्यावे आणि पुन्हा चंदेरी झाल्यावरच पुढचे. जंगलातून रोप ओरबाडून आणू नये. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरचे रोप सापडले, तरी आधी वनखात्याला विचारावे.

या टेबलावर ठेवलेले रोप मला एका स्नेह्याने ‘क्रिस्पा’ म्हणून दिले आहे. ते अजून फुललेले नाही, त्यामुळे त्याच्या मडक्यावर मी फक्त ‘एरिडिस’ एवढेच लिहिले आहे आणि पुढे जागा मोकळी सोडली आहे.