निबंध अडतो तिथेच ग्रंथालय शिकवा

(ठाण्यातील महाविद्यालयीन भाषाशिक्षक आणि ग्रंथपालांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रथम वर्षाच्या लेखनकौशल्याच्या वर्गाला आपण हजार-बाराशे शब्दांचा संदर्भासह निबंध देतो. ‘ठाणे खाडीतील खारफुटी’ हा विषय घेऊ. विद्यार्थी मोबाइलवर हेच शब्द टाकतो, वर आलेल्या दोन बातम्या उघडतो, त्यांतले परिच्छेद उचलतो आणि शेवटी ‘संदर्भ : गूगल’ असं लिहून मोकळा होतो. याला मी आळस म्हणणार नाही. शोध कसा घ्यायचा हे त्याला वेळेवर कुणी दाखवलेलं नसतं. जुलैत तासाभराची ग्रंथालय-ओळख होते आणि निबंध येतो सप्टेंबरात. ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन पुस्तकसूची), एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणारी योजना), शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) ही नावं कानावरून गेली तेव्हा त्याच्यापुढे कुठला प्रश्नच नव्हता. मग ती लक्षात राहणार कशी?

ऑनलाइन ट्युटोरियलचा खरा उपयोग इथे आहे. गूगल क्लासरूममध्ये निबंधाची सूचना जिथे असते, तिथेच त्या-त्या टप्प्याची लिंक देता येते. मूल ठाणे-वाशी लोकलमध्ये ती बघेल, रात्री निबंध अडला की पुन्हा बघेल. पण त्यासाठी ‘आमचं ग्रंथालय’ असं अर्ध्या तासाचं एकसंध चित्रीकरण करू नका. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्याचं लक्ष साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. तेव्हा चार-पाच मिनिटांचे पाच भाग करा : विषयाचा प्रश्न करणं, शोधशब्द, शोधायच्या जागा, स्रोताची पारख, संदर्भाची नोंद.

यातला दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपण उरकतो. कुठलं बटण दाबायचं हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. अडतं ते शब्दांपाशी. खारफुटीचंच बघा. वर्तमानपत्रं बहुतेक वेळा ‘खारफुटी’ लिहितात, पण राज्याच्या वनविभागाने 2012 मध्ये जो कक्ष स्थापन केला त्याचं नाव ‘कांदळवन कक्ष’. म्हणजे नुसतं ‘खारफुटी’ टाकणाऱ्याच्या हातून सरकारी कागदपत्रांचा मोठा साठा निसटतो. ‘तिवर’ हा शब्द आणखी नेमका, खारफुटीतल्या विशिष्ट झाडांचा. फ्लेमिंगोचंही तसंच : मराठीत रोहित, अग्निपंख आणि फ्लेमिंगो असे तिन्ही शब्द चालतात, आणि नुसता ‘रोहित’ टाकला तर क्रिकेटच समोर येतं, सोबत ‘पक्षी’ किंवा ‘खाडी’ हवंच. जुन्या काळाची माहिती हवी असेल तर गावाच्या नावाचं रोमन स्पेलिंगही बदलावं लागतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड 1882 चा. त्याच्यावर नाव आहे ‘थाना’. आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला तो सापडेलच असं नाही.

म्हणून या भागात विद्यार्थ्याकडून एक तक्ता भरून घ्या. एका रकान्यात विषयातली मुख्य कल्पना, शेजारी तिचे मराठी पर्याय, मग इंग्रजी पर्याय, शेवटी जुनी नावं. तक्ता तयार झाल्याशिवाय शोधपेटी उघडायची नाही.

त्यानंतर जोडण्या शिकवा, म्हणजे शोधशब्द एकत्र बांधणारी चिन्हं आणि शब्द. ‘ठाणे खाडी’ अवतरणचिन्हांत टाकलं की दोन्ही शब्द सलग असलेली पानं वर येतात. दोनपैकी कुठलाही शब्द चालेल असं सांगणारं ‘ऑर’ (OR) रोमन मोठ्या अक्षरांतच लिहायचं, नाहीतर गूगल तो साधा शब्द समजतं. शोध एकाच संकेतस्थळापुरता ठेवायला ‘साइट’ आणि अपूर्णविराम (site:) लिहून पुढे त्याचा पत्ता देतात; मध्ये जागा सोडली तर ती मर्यादा लागूच होत नाही. ही चूक हमखास होते, तेव्हा ती पडद्यावर मुद्दाम करून दाखवा. आणखी एक : बऱ्याच डेटाबेसमध्ये इंग्रजी शब्दाच्या शेवटी तारांकन (*) दिलं की त्याची सगळी रूपं मिळतात. गूगलमध्ये तसं होत नाही, तिथे तारांकन अख्ख्या शब्दाची जागा घेतं.

मराठी पीडीएफची अडचण वेगळीच. श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये बनवलेल्या फाइलमध्ये डोळ्यांना ‘खाडी’ दिसतं, पण आत साठलेली असतात भलतीच रोमन अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोनवर टाइप होणाऱ्या देवनागरीत, शोधलं की निकाल शून्य. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच. ‘काहीच उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी अहवालाचं नाव, वर्ष आणि खात्याचं संकेतस्थळ या वाटेने जायला शिकवा.

शोधायच्या जागांमध्ये आपलं कपाट पहिलं. ओपॅकमध्ये पुस्तक मिळालं की वर्गांक (पुस्तकाचा विषयानुसार क्रमांक) टिपून शेजारची पुस्तकंही चाळायला सांगा. ड्युई या वर्गांक ठरवणाऱ्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांत परिसरशास्त्र 574.5 ला होतं, 1996 च्या एकविसाव्या आवृत्तीपासून ते 577 ला गेलं. ज्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलले नाहीत, तिथे एकाच विषयाची पुस्तकं दोन कपाटांत असतात. हे ग्रंथपालांनी ट्युटोरियलमध्ये स्वतः सांगावं, कारण शिक्षकाला ते बहुधा माहीत नसतं. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलींत असतो; आधी अनुक्रमणिका, मग हवं ते प्रकरण, आणि संदर्भसूची तर जरूर उघडायची. एन-लिस्टसाठी महाविद्यालयामार्फत मिळणारा लॉगिन लागतो. तो हातात नसताना तिसरा भाग पाठवला, तर विद्यार्थी पहिल्याच पडद्यावर थांबतो आणि परत येत नाही.

स्रोताच्या पारखीसाठी नवी-जुनी, अधिकृत-अनधिकृत अशा प्रश्नांच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्यापेक्षा स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तथ्यतपासनिसांचं निरीक्षण करून मांडलेली पद्धत मला जास्त पटते : पान वाचत बसण्याआधी नवा टॅब उघडा आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, खाडी 2022 मध्ये आली. एखाद्या लेखात ही दोन वर्षं एकमेकांत मिसळलेली दिसली, तर मुलाने रामसरच्या संकेतस्थळावर जाऊन बघावं. एआयने दिलेल्या संदर्भांना हाच नियम, पण जास्त कडक. शीर्षक गूगल स्कॉलरवर, शोधगंगेवर किंवा डीओआय क्रमांकाने (प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या कायमच्या ओळखक्रमांकाने) सापडलं नाही, तर तो संदर्भ वापरायचा नाही. नाव, वर्ष, नियतकालिक सगळं व्यवस्थित दिसतं आणि असा लेखच अस्तित्वात नसतो.

चित्रीकरणाबद्दल थोडंच. बघणारा फोनवर बघणार आहे, म्हणून रेकॉर्डिंगआधी ब्राउझर 150 ते 200 टक्के मोठा करा आणि बोलण्याची मराठी उपशीर्षकं द्या. संकेतस्थळांची मांडणी बदलत राहते, म्हणून बटणांच्या पायऱ्या व्हिडिओत घालू नका; त्या चित्रांसह वेगळ्या पानावर ठेवल्या की तेवढंच पान बदलता येतं.

तपासणीसाठी बहुपर्यायी प्रश्न टाळा, त्यात अंदाजाने गुण मिळतात. शोध-नोंद मागा : कोणते शब्द टाकले, कुठे, काय मिळालं, पुढच्या वेळी काय बदललं. किमान दोन फसलेले शोध त्यात हवेतच, आणि निबंधाच्या वीस गुणांपैकी पाच या नोंदीला द्या. गुण नसतील तर नोंद आदल्या रात्री रचून लिहिली जाते. या नोंदीच्या फॉर्मचा शेवटचा प्रश्न ठेवा, ‘कुठे अडलात?’, आणि त्याचं उत्तर थेट ग्रंथपालांकडे जाऊ द्या. दोन दिवसांत प्रतिसाद मिळाला, तर निबंधाचा कच्चा खर्डा व्हायच्या आत त्या मुलाला एक तरी नवा शोधशब्द हाती लागतो.