वास, चाल आणि रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

गटारीची रात्र होती. घोडबंदर रोडवर पाणी साचलेलं, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि नाक्यानाक्यावर नाकाबंदी. त्या वर्षी मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला रात्रपाळी करत होते. दीडच्या सुमारास एक हवालदार एका टेम्पोचालकाला दंडाला धरून घेऊन आले. हातात मेडिकलची यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी दिलेलं पत्र. तिच्यावर लिहिलेलं: तोंडाला दारूचा वास, चालताना झोकांड्या, बोलणं अडखळत, मशीनमध्ये फुंकण्यास नकार.

दिसत होतं तेही तसंच. माणूस स्टुलावर नीट बसूही शकत नव्हता. पण त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला वाटलं, पावसात भिजला असेल. हात लावला तर अंग गार आणि घामाने ओलंचिंब. बोटाला सुई टोचली, शुगर निघाली 41, म्हणजे फारच कमी. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दहा मिनिटांत त्याची जीभ सुटली. पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, टेम्पो कुठं लावलाय? मागं दुधाचा माल आहे." संध्याकाळी डायबेटिसची गोळी घेतलेली आणि ट्रॅफिकमध्ये अडकल्याने जेवण झालेलं नाही. दारू प्यायला होता शेजारी बसलेला क्लीनर. वास केबिनभर होता, तो याच्या कपड्यांना लागला. आणि मशीनमध्ये काही सेकंद एकसारखं जोरात फुंकावं लागतं, तेवढी ताकदच त्याच्यात नव्हती. त्याचा झाला "नकार".

हवालदारांनी त्याला अडवलं हे योग्यच केलं. त्या अवस्थेत तो आणखी दोन किलोमीटर गेला असता तर स्वतः मेला असता किंवा दुसऱ्या कुणाला मारलं असतं. पण अडवणं वेगळं आणि प्यायलेला ठरवणं वेगळं. या दोन गोष्टी आपण एकच धरतो, आणि तिथेच घोळ होतो. आज मला तेवढंच बोलायचं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. हे प्रमाण फार कमी आहे आणि ते कमीच असायला हवं. सत्तर किलो वजनाच्या माणसाने उपाशीपोटी एक लार्ज पेग घेतला तरी तो ही रेषा ओलांडू शकतो. तेव्हा "एकाने काय होतंय" म्हणणाऱ्यांनी चावी दुसऱ्याच्या हातात द्यावी.

आता चालीबद्दल. अमेरिकेत रस्त्यावरच्या चाचण्या ठरवून दिलेल्या आहेत. डोळ्यांपुढे पेन फिरवून बुबुळं थरथरतात का ते बघायचं. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत नऊ पावलं जायचं, वळायचं, नऊ पावलं परत यायचं. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं. या चाचण्या ज्या अभ्यासातून निघाल्या, त्यातल्या 1981 च्या अहवालात बुबुळांची चाचणी 77 टक्के वेळा बरोबर निघाली, पावलांची 68 आणि एका पायाची 65 टक्के. म्हणजे एका पायावर उभ्या केलेल्या तिघांपैकी एकाच्या बाबतीत अंदाज चुकला. पुढच्या अभ्यासांत आकडे सुधारले. पण 1994 मध्ये दक्षिण कॅरोलिनात थेंबभरही न प्यायलेल्या 21 जणांच्या अशा चाचण्यांचं चित्रीकरण पोलिसांना दाखवलं, तेव्हा त्यांची 46 टक्के उत्तरं "हा गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही" अशी आली. पासष्टीच्या पुढची माणसं, गुडघे-कंबर दुखणारी, कानाच्या आजाराने तोल जाणारी, खूप जाड माणसं या चाचण्यांत अडतात, हे तिथल्या प्रशिक्षणातही सांगतात. आपल्याकडे असा ठरलेला आराखडा नाही. इथे सगळं "झोकांड्या" या एका शब्दात मावतं. पावसाळ्यातला आपला सर्व्हिस रोड आठवा, तिथे धडधाकट माणूसही सरळ चालत नाही.

1971 सालीच सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं आहे, आणि तो खटला आपल्याच महाराष्ट्रातला, की रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना नुसता वास, अडखळती चाल, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं ठाम म्हणता येत नाही.

मग मशीन? मशीन यापेक्षा पुष्कळ बरं. पण ते रक्त मोजत नाही, श्वास मोजतं आणि त्यावरून रक्ताचा हिशेब मांडतं. त्यात धरलेलं असतं की 2100 मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं एक मिलिलिटर रक्तात. हे प्रमाण माणसागणिक थोडं बदलतं. शिवाय नुकतीच माउथवॉशने चूळ भरली असेल, खोकल्याचं अल्कोहोल असलेलं औषध किंवा दशमूलारिष्टासारखं अरिष्ट घेतलं असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं. ते पंधरा मिनिटांत निघून जातं, म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावायचं. एवढा साधा उपाय आहे. आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं का याची तपासणी! भाजीवाल्याच्या काट्याला वैध मापनचा शिक्का लागतो. माणसाचं लायसन्स ज्या यंत्रावर ठरतं त्यासाठी तसे मसुदा नियम केंद्राने 2024 मध्ये काढले.

शेवटी रक्त. पण तेही जपूनच घ्यावं लागतं. हात स्पिरिटच्या बोळ्याने पुसून रक्त काढलं, तर आरोपीच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. बाटलीत फ्लोराइड हवं, नाहीतर नमुन्यात जंतूंमुळे अल्कोहोल तयारही होतं आणि कमीही होतं. सील, सही, वेळ, फ्रिज, मग कलिन्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. या साखळीत कुठेही हात घालता येतो. पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला, तेव्हा चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. ती बातमी वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या सहीवर कुणाच्या तरी आईबापांचा न्याय अवलंबून असतो.

आणि वेळ. 100 मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल दर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतं. एक वाजता 55 असलेला माणूस तीन वाजता 25 वर येतो आणि सुटतो. म्हणून अटकेपासून दोन तासांत तपासणी, असं कायदा म्हणतो. माझ्याकडे एक पोरगा अपघातानंतर लगेच आणला होता. दोरीवर चालल्यासारखा सरळ चालला, बोलणं स्वच्छ, मला "गुड इव्हिनिंग" म्हणाला. रक्ताचा अहवाल आला तेव्हा आकडा मर्यादेच्या चौपट होता. रोज पिणाऱ्याची चाल बिघडतेच असं नाही, ब्रेकवरचा पाय मात्र उशिरा पडतो. त्याच्या चालीवर विसंबले असते तर तो त्या रात्रीच घरी गेला असता.

तेव्हा श्रोतेहो, नाक्यावर थांबवलं तर हुज्जत घालू नका, फुंका. विनाकारण नकार दिलात तर कलम 205 खाली तो तुमच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. पण नळी नवी आहे का ते बघा, काही औषध घेतलं असेल तर आधी सांगा, आकड्याची पावती मागा, आणि आकडा मान्य नसेल तर रक्त तपासा म्हणा, लगेच.

त्या रात्री टेम्पोचालक चहाबिस्किट खाऊन उठला. हवालदारांनी माझा शेरा दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, मग या नकाराचं काय करू?" मी म्हटलं, जे झालं ते लिहा. त्यांनी पेन काढलं, त्या शब्दावर एक रेघ मारली, वर लिहिलं "फुंकता आले नाही", आणि खाली वेळ घालून सही केली.