बाभळीचे काटे कुठून आले?

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात पाहुणा आला की आपण दोन गोष्टी विचारतो. संत्राबर्फी खाल्ली का, आणि पेंचला वाघ दिसला का? नाही दिसला तर पैसे बुडाले म्हणून तोंड पाडणारे कमी नाहीत. जिप्सीत बसून चिवडा खात मोठमोठ्यानं गप्पा हाणायच्या आणि वाघानं मात्र समोर यायचं! असो. आज बोलायचंय ते वाघाला राखणाऱ्यांबद्दल. वनरक्षक, वनपाल आणि वनमजूर.

यांचं काम म्हणजे आपापल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, पायी गस्त. पाणवठ्यात कोणी विष कालवलंय का, वाटेवर तारेचा फास लावलाय का, हे बघत चालायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघगणनेच्या कामावर असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला.

आता माझा आवडता किस्सा. देवलापारकडच्या एका म्हाताऱ्या वनमजुरानं सांगितलेला. ऐन उन्हाळ्यात सकाळी बुवा आणि नवीन आलेले गार्डसाहेब पाणवठ्याकडे निघाले. बुवा एकदम थबकले. "थांबा जी साहेब." वाटेच्या दोन्ही अंगांना काटे पसरलेले. गार्ड म्हणाले, गुरं अडवायला टाकले असतील कोणी. बुवा म्हणाले, "आपल्या बीटात बाभूयच नाही. मंग काटे आले कुठून?"

उकिडवे बसले, काठीनं पाचोळा सारला. खाली लोखंडी सापळा, जबडा उघडून बसलेला, साखळीनं मुळाशी बांधलेला. वाघ काट्यांवर पाय देत नाही, मऊ माती शोधतो. शिकाऱ्यानं मऊ माती नेमकी तेवढीच ठेवलेली.

गार्ड साखळी सोडायला धावले. "राहू द्या जी. ज्यानं लावला तो पाहाले येईनच." मोठ्या काठीनं जबडा तेवढा मिटवला, वर पाचोळा होता तसा पसरला आणि रात्री सगळे दबा धरून बसले. वासानं सुगावा लागेल म्हणून बुवांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद! आपल्याकडे पोराटोरांच्या हातातही खर्र्याची पुडी दिसते, त्याचा मला भारी संताप येतो, पण त्या रात्री बुवांची मला दया आली. पहाटे दोघं आले, कुऱ्हाड आणि भाले घेऊन. पकडले गेले.

साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, बुवा, कमाल नजर तुमची! काय पाहिजे सांगा. बुवा म्हणाले, "बूट द्या जी. पयला काटा माह्या चपलेतून आरपार गेला, म्हणून तं खाली पायलं!"

तर मदत करायची असेल तर बूट, बॅटरी, मच्छरदाणी. पण आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, नाहीतर सगळे ब्लँकेटच नेऊन देतात, तेही मे महिन्यात. दुसरं, लेकराच्या गळ्यात वाघनखाचं लॉकेट घालू नका. तो गुन्हा आहे, तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कोणीतरी विकत घेतं म्हणून सापळे लागतात. आणि शेतकरीबंधूंनो, डुकरांसाठी कुंपणात करंट सोडू नका. त्यात वाघ मरतो, माणूसही मरतो.

जंगलाकाठी तारेचा फास दिसला, अनोळखी माणसं फिरताना दिसली, तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. कागद-पेन घेतलात ना? पुन्हा सांगतो, एक-नऊ-दोन-सहा. नमस्कार.