शिकल्यानंतरची दहा मिनिटं

[दृश्य: अरुंद पट्टीवरून धावणारा उंदीर]

हा उंदीर आता थांबेल, तिथं लक्ष ठेवा. टोकाला पोचला, खाऊ संपवला, आणि मिशा साफ करत बसलाय. झोपलेला नाही, टक्क जागा आहे. स्पीकरमधून जी तडतड ऐकू येतेय, ती त्याच्या मेंदूतल्या पेशींची.

हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागातल्या काही पेशी विशिष्ट जागी आल्यावरच चेततात. पट्टीच्या सुरुवातीला एक, मध्यावर दुसरी, टोकाला तिसरी. अशाच पट्टीवर डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांनी 2006 साली पाहिलं, की उंदीर थांबला की त्याच पेशी पुन्हा चेततात. क्रम मात्र उलटा, टोकाकडून सुरुवातीकडे, आणि सगळं सेकंदाच्या एका अंशात. नुकतीच संपलेली धाव मेंदू परत धावत होता! झोपेत अशी उजळणी होते हे आधी ठाऊक होतं. इथं तर उंदीर जागा होता.

मग 2012 मध्ये लॉरेन फ्रँक यांच्या प्रयोगशाळेत ही उजळणीच मोडून पाहिली. जागेपणी अशा उजळणीबरोबर येणारी विद्युतलहर मेंदूत उठली, की तिथं विजेचा सौम्य झटका. मागच्या वेळी कुठल्या बाजूला गेलो होतो हे लक्षात ठेवून पुढची बाजू निवडायची, असा कामाचा एक भाग होता. तिथंच उंदीर जास्त चुकू लागले.

[दृश्य: कीबोर्डवर डाव्या हाताची बोटं]

चार, एक, तीन, दोन, चार. उजव्या हातानं लिहिणारी माणसं डाव्या हातानं हे आकडे दाबतायत. दहा सेकंद सराव, दहा सेकंद स्वस्थ. डोक्याभोवतीचं यंत्र मेंदूतले सूक्ष्म चुंबकीय बदल टिपतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये सांगितलं, की बोटं थांबलेली असताना तोच क्रम मेंदूत पुन्हापुन्हा उमटत होता, सुमारे वीसपट वेगानं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, फिरणारा ढोल]

शिकल्यानंतरच्या या विश्रांतीचा परिणाम पहिल्यांदा मोजला गेला तो मात्र यंत्रांच्या कितीतरी आधी. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग म्युलर आणि आल्फोन्स पिल्त्सेकर अशा फिरत्या ढोलावरून निरर्थक अक्षरगट दाखवून पाठ करून घेत. एका यादीनंतर लगेच दुसरी दिली, तर दीड तासानं पहिलीतलं सुमारे 28 टक्के आठवे. मध्ये सहा मिनिटं मोकळी सोडली, तर 48 टक्क्यांच्या आसपास. 1900 साली हे छापून आलं, आणि नव्या आठवणीला पक्कं व्हायला वेळ लागतो ही कल्पना तिथून रुजली.

[दृश्य: मंद उजेडातली खोली, खुर्चीत डोळे मिटलेली वृद्ध स्त्री]

एडिनबर्गमध्ये मायकेला ड्युअर आणि सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या माणसांना दोन गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अशी खोली. दुसरीनंतर दहा मिनिटं दोन चित्रांतले फरक शोधायचे. सात दिवसांनी विचारलं, तेव्हा शांत बसण्याआधी ऐकलेली गोष्ट अधिक तपशिलात आठवत होती.

ते मनात घोकत असतील, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून पुढं उच्चारताच न येणारे शब्द दिले. घोकायला काही नव्हतं, तरी विश्रांतीचा फायदा दिसला.

नवं काही लक्षातच न राहणाऱ्या (अम्नेशियाच्या) रुग्णांवरही हे पाहिलं गेलंय. 2004 च्या एका अभ्यासात सहापैकी चौघांना अशा शांततेनंतर, आधी ऐकलेलं पुष्कळ जास्त आठवलं.

प्रत्येक प्रयोगात हा फरक मिळालेला नाही. मधल्या वेळात काय केलं आणि काय शिकलो होतो, यावर बरंच अवलंबून असावं.

[दृश्य: एका तासावरून दुसऱ्या तासाकडे धावणारी मुलं]

तरीही वेळापत्रकं आखणाऱ्यांपुढे आमची एक मागणी आहे. दोन विषयांमध्ये दहा मिनिटं खरोखर रिकामी ठेवा. त्यात गृहपाठ नको, फळ्यावरचं उतरवणं नको. आणि घरी अभ्यास करणाऱ्यांनी पुस्तक मिटलं, की फोन हातात घेण्याआधी एवढा वेळ डोळे मिटून बसावं. आठवायचा प्रयत्नही करू नये.